गाडी बंद पडते ती तुमच्या पायामुळे नाही

(माळेगाव बुद्रुक येथे बचत गट आणि महिला मंडळांच्या कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आजचा विषय ऐकून मघाशी काही जणींनी एकमेकींकडे पाहिलं. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा झाला, सातबाऱ्यावर नाव लावणं झालं, ग्रामसभा झाली. आता ही बाई कार्बोरेटरवर काय बोलणार? तर मी खरंच कार्बोरेटरवरच बोलणार आहे. जुन्या गाडीचं इंजिन उभ्या जागी का थरथरतं, चौकात थांबलं की का बंद पडतं आणि पाय दाबला की पुढे जायच्या ऐवजी गचका का खातं, हे आपलं आपल्याला कसं ओळखता येईल आणि त्यातलं किती आपल्या हाताने नीट करता येईल, एवढाच विषय.

आपल्या गटांकडे ज्या गाड्या आहेत त्या आठवून बघा. कुणाकडे जुनी मारुती ८००, कुणाकडे ओम्नी व्हॅन, एखाद्या संस्थेच्या दारात कुणीतरी देणगी म्हणून दिलेली पद्मिनी. नवी गाडी घ्यायला पैसा नसतो, म्हणून जुनी. घरातही तीच तऱ्हा. नवी गाडी आली की ती मालकांची, आणि जुनी ८०० 'तू शिकायला वापर' म्हणून बाईच्या वाट्याला येते. शिकणाऱ्या माणसाच्या हातात सगळ्यात खोडकर गाडी द्यायची आणि मग ती बंद पडली की म्हणायचं, बाईला गाडी जमत नाही!

पुढे काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. गळीत हंगाम चालू असतो, बारामती-नीरा रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग असते, तुम्ही त्या रांगेत अडकता. गाडी हलते तेव्हा ठीक, थांबली की थडथडते आणि विझते. मागून हॉर्न. कुणीतरी काच खाली करून शेरा मारतो. बाई घामाघूम होते. दुसऱ्या दिवशी ती अ‍ॅक्सिलरेटर दाबूनच थांबते, तिसऱ्या दिवशी चोक अर्धा ओढून चालवते, आठवड्याने म्हणते, जाऊ दे, एसटीने जाते. बाईची गाडी अशी सुटते. तिला कुणी मनाई केलेली नसते. मग रात्री अकरा वाजता एखाद्या सुनेचा फोन आला की आपण पुन्हा कुणाच्या तरी भावाच्या गाडीची वाट बघत बसतो.

म्हणून पहिली परीक्षा. गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक लावा, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवा, इंजिन नीट गरम होऊ द्या, चोक पूर्ण आत ढकला आणि दोन्ही पाय उचलून घ्या. आता क्लच नाही, गिअर नाही, तुमचा पायच मधे नाही. तरी ती थरथरून बंद पडली, तर दोष तुमच्या पायाचा नाही, इंजिनाचा आहे. ही परीक्षा घरच्या मंडळींसमोर जरूर करून दाखवा.

एक सांगायला हवं. मारुती ८०० आणि ओम्नीच्या इंजिनाला तीनच सिलिंडर. तीन सिलिंडरचं इंजिन जात्याच थोडं थरथरतं, ते दुखणं नाही. एका लयीतली थरथर चालेल. मधेच एक ठोका चुकणं, ज्याला गॅरेजमध्ये 'मिसिंग' म्हणतात, ते दुखणं.

आता कार्बोरेटर म्हणजे काय? तुमच्यातल्या चाळिशीच्या पुढच्या बायकांना हे सगळ्यात सोपं आहे, कारण तुम्ही पंपाचा स्टोव्ह वापरलाय. स्टोव्हला नोझल असतं, त्याला केसाएवढं भोक असतं, त्यातून रॉकेल फवारतं, हवेत मिसळतं आणि जळतं. भोकात काजळी अडकली की ज्योत फडफडते आणि आपण पिन मारतो. हवा कमी आणि तेल जास्त झालं की ज्योत पिवळी होते, भांडी काळी होतात. हवा आणि तेलाचा मेळ बसला की ज्योत निळी, आवाज एकसारखा. ज्या बाईने वीस वर्षं स्टोव्हच्या आवाजावरून ओळखलं की आता पिन मारायला हवी, तिला इंजिनाच्या आवाजातलं कळणार नाही असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. (त्याच स्टोव्हचा 'भडका उडून' किती जणी गेल्याचं पंचनाम्यात लिहिलं गेलं, तेही आपण विसरलेलो नाही.)

कार्बोरेटर म्हणजे गाडीचा स्टोव्ह, फक्त त्यात जळत काही नाही, नुसतं मिसळतं. एका बाजूला छोटी टाकी, तिला फ्लोट चेंबर म्हणतात. आपल्या छतावरच्या टाकीत तरंगणारा चेंडू पाणी भरलं की नळ बंद करतो, तसा आतला फ्लोट पेट्रोलची पातळी राखतो. मधून हवेची नळी जाते. नळीत एक झडप, ती तुमच्या अ‍ॅक्सिलरेटरच्या तारेला बांधलेली. पाय दाबला की झडप उघडते, इंजिन हवा ओढतं, आणि ती वेगाने जाणारी हवा जेटमधून पेट्रोल ओढून घेते. वजनाने पाहिलं तर एक भाग पेट्रोल जळायला साधारण पावणेपंधरा भाग हवा लागते.

गाडी उभी असते तेव्हा ती मोठी झडप जवळजवळ मिटलेली असते. मग इंजिन जगतं कशावर? झडपेच्या खाली एक वेगळी बारीक वाट असते आणि तिला पेट्रोल पुरवणारा एक वेगळा बारीक जेट असतो, स्लो जेट. त्याचं भोक कार्बोरेटरमधल्या सगळ्यात बारीक भोकांपैकी एक. म्हणून टाकीतला गंज, कचरा, सुकलेल्या पेट्रोलचा चिकटा आला की पहिल्यांदा तो बुजतो. मोठा जेट चालू असतो, त्यामुळे गाडी पळताना झकास पळते आणि थांबली की मरते. 'पळते तर नीट, मग दोष कसला' असं सांगणाऱ्याला हे ऐकवा.

हात घालण्याआधी दोन गोष्टी. साडी असेल तर पदर कमरेला घट्ट खोचा, ओढणी काढून ठेवा, केस बांधा, बांगड्या आणि मंगळसूत्र थोडा वेळ उतरवा. हे शोभेसाठी सांगत नाही. बॅटरीच्या दोन टोकांना धातूची बांगडी टेकली तर हात भाजून निघतो, पंख्याच्या पट्ट्यात पदर गेला तर गळा आवळतो, आणि विजेवर चालणारा रेडिएटरचा पंखा आपल्याला न विचारता सुरू होतो. दुसरं, पेट्रोल उघडं असताना जवळ बिडी, उदबत्ती, चूल काही नको. काम मोकळ्या हवेत करायचं. इंजिन सुरू करताना कार्बोरेटरच्या तोंडात वाकून बघायचं नाही. उलटा भडका आला तर भुवया जातात.

गॅरेजवाला आला की पहिला काय करतो? स्क्रू ड्रायव्हर घेतो आणि कार्बोरेटरचा स्क्रू पिळतो. गाडी तेवढ्यापुरती सुधारते, तो पैसे घेतो, आठ दिवसांनी तीच रड. माझं मत विचाराल तर स्क्रूला हात सगळ्यात शेवटी. आधी हवा, मग ठिणगी, मग पेट्रोल. या क्रमाने गेलं की निम्म्या वेळा स्क्रूपर्यंत जावंच लागत नाही.

हवेपासून सुरुवात करू. एअर फिल्टरचं झाकण उघडा. फिल्टर उन्हाकडे धरून उजेड आरपार दिसतो का बघा. आपल्याकडे उसाच्या पाचटाची आणि मातीच्या रस्त्याची धूळ किती असते ते सांगायला नको. पुण्यातल्या गाडीचा फिल्टर जेवढा टिकेल तेवढा इथे टिकणार नाही. फिल्टर चोंदला तर पेट्रोल जास्त, हवा कमी.

याच्या उलटा दोष जास्त छळतो. हवा फिल्टरमधून न येता मधल्याच फटीतून घुसते. कार्बोरेटरच्या बुडाशी गॅस्केट असतं, ते सुकून चिरतं. इंजिनावरून बारीक रबरी नळ्या गेलेल्या असतात, एक ब्रेकच्या बूस्टरकडे, एक डिस्ट्रिब्युटरकडे. वीस-पंचवीस वर्षांत रबर दगडासारखं होतं आणि टोकाला तडकतं. मग चोरवाटेने हवा आत जाते, पेट्रोल तेवढंच राहतं आणि उभ्या गाडीला पुरत नाही. ओळखायचं कसं? चोक थोडा ओढला की इंजिन शांत होतं आणि आत ढकलला की थरथरतं, असं असेल तर समजा की पेट्रोल कमी पडतंय किंवा हवा जास्त येतेय. चालू इंजिनाजवळ कान न्या, सूंऽऽ असा आवाज येतो का ऐका. एकेक रबरी नळी चिमटीत दाबून बघा. एखादी दाबल्यावर इंजिनाचा आवाज बदलला तर ती वाट फुटकी. गॅस्केटच्या कडेला साबणाचं थोडं पाणी सोडून बघा, आवाज पालटला तर तिथून हवा येते. काही मिस्त्री या तपासणीला पेट्रोल शिंपडतात. गरम इंजिनावर पेट्रोल! तुम्ही ते कधीही करू नका आणि तुमच्या गाडीवर करूही देऊ नका. नळी बदलायला खर्च किरकोळ येतो. नेमकी हीच गोष्ट तपासायला कुणाला वेळ नसतो.

मग ठिणगी. प्लग काढायला प्लगपाना लागतो, तो घरी असू द्या. इंजिन गार झाल्यावर तिन्ही प्लग काढा आणि कुठला कुठल्या सिलिंडरचा ते लक्षात राहील असे ओळीत मांडा. प्लग बोलतो. टोक विटकरी-तपकिरी असेल तर ठीक. काळं, काजळी धरलेलं असेल तर पेट्रोल जास्त. पांढरट, राख फासल्यासारखं असेल तर पेट्रोल कमी. तेलकट काळं असेल तर इंजिन ऑइल वर येतंय, ते मोठं काम. तीनपैकी एकच प्लग वेगळा दिसला तर दोष कार्बोरेटरचा नाही, त्या एका सिलिंडरचा आहे, आणि कार्बोरेटर उघडण्याचा खर्च वाचला. मारुती ८०० च्या प्लगची फट ०.७ ते ०.८ मिलिमीटर असावी. फट मोजायच्या पातळ पट्ट्यांचा जुडगा मिळतो, त्याला फीलर गेज म्हणतात, एकदा घेतला की जन्मभर पुरतो. डिस्ट्रिब्युटरची टोपी, ज्याला बरेच मिस्त्री 'डेल्को' म्हणतात, ती उघडून आत तडा, ओल, हिरवट बुरशी आहे का बघा. पावसाळ्यात सकाळी मिसिंग आणि ऊन आलं की ठीक, तर संशय इथे. फार जुन्या गाड्यांत पॉइंट असतात. ते जळून खड्डे पडले की गाडी उभीही नीट राहत नाही आणि पळतही नाही.

आता पेट्रोल. पेट्रोलचा फिल्टर पारदर्शक असेल तर आतला गंज दिसतो. तो बदलायचा, धुऊन परत लावायचा नाही. पुष्कळ कार्बोरेटरवर स्लो जेटशी एक छोटा विजेचा व्हॉल्व्ह असतो. किल्ली फिरवून इंजिन सुरू न करता ऐका, 'टक' असा आवाज यायला हवा. नाही आला तर वायर निघालेली आहे का बघा. या एका सुट्या वायरीमुळे अख्खं इंजिन उतरवायला निघालेले मिस्त्री आहेत.

हे सगळं ठीक असेल तर स्लो जेट काढून साफ करायचा. तो पितळेचा, बारीक स्क्रूसारखा. इथे मात्र स्टोव्हची सवय सोडा. पिन मारायची नाही! पितळ मऊ असतं, पिनेने भोक रुंदावतं आणि मग पेट्रोल कायमचं जास्त येतं. कार्बोरेटर क्लीनरचा फवारा मारा किंवा पंक्चरवाल्याकडे हवा मारून घ्या. जेट उजेडाकडे धरून बघा, भोक स्वच्छ गोल दिसलं पाहिजे.

पिनेवरून आठवलं. १८८८ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीत बर्था बेंझ नावाची बाई नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन, त्याने बनवलेली मोटार मानहाइमहून फोर्झहाइमला घेऊन गेली. शंभरेक किलोमीटर. मोटारीचा एवढा लांबचा हा पहिला प्रवास मानतात. वाटेत पेट्रोलची नळी चोंदली, ती तिने टोपीला लावायच्या लांब पिनेने मोकळी केली. ठिणगीच्या वायरीचं वेष्टण घासलं होतं, तिथे तिने मोज्याचा पट्टा गुंडाळला. इंधन संपत आलं तेव्हा गावच्या औषधवाल्याकडून डाग काढायचं द्रव्य विकत घेऊन ओतलं. त्याच्या धंद्यात तिने लग्नाआधीच स्वतःचा पैसा घातला होता, पण मोटारीचं पेटंट नवऱ्याच्या नावावर होतं. (नळीत पिन चालते, जेटमध्ये नाही, हा फरक लक्षात ठेवा.)

आता उरला तो स्क्रू. कार्बोरेटरवर दोन असतात. एक वेगाचा, तो झडप किती मिटावी ते ठरवतो. दुसरा मिक्श्चरचा, तो स्लो वाटेचं पेट्रोल ठरवतो. मिक्श्चरचा स्क्रू हलक्या हाताने आत फिरवा आणि टेकेपर्यंत किती फेरे झाले ते मोजून कागदावर लिहा. जोर लावायचा नाही, टोकाला खाच पडली तर स्क्रू बाद. मग तेवढेच फेरे परत बाहेर. इंजिन गरम करून तो पाव-पाव फेरा बाहेर काढत जा. आवाज चढेल, एकसारखा होईल, मग पुन्हा बिघडू लागेल. सगळ्यात गोड आवाज जिथे होता तिथे परत आणा. मग वेगाच्या स्क्रूने वेग खाली आणा, मिनिटाला साधारण ९०० फेऱ्यांच्या आसपास. वेग आणल्यावर मिक्श्चर पुन्हा एकदा बघा.

पीयूसीचा मुद्दा इथेच येतो. जुन्या गाड्यांच्या उभ्या धुरात कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांच्या आत लागतो. तपासणीच्या दिवशी आकडा खाली आणायला मिक्श्चर आवळून देतात. कागद मिळतो, आणि दुसऱ्या दिवसापासून गाडी चौकात बंद पडू लागते. तुमच्या गाडीचं दुखणं पीयूसीनंतर सुरू झालं असेल तर आधी हा स्क्रू बघा. आणि हेही खरं की नीट साफ केलेला, फट नसलेला कार्बोरेटर न आवळता त्या मर्यादेत बसतो. धूर सोडत फिरायचा हक्क आपण मागत नाही.

आता दुसरं दुखणं, गचका. तुम्ही ट्रॉलीला मागे टाकायला बाहेर निघता, पाय दाबता, आणि क्षणभर गाडीचा जीवच जातो. समोरून टेम्पो येत असतो. उभी गाडी बंद पडली तर फार तर अपमान होतो, इथे जीव जाऊ शकतो. म्हणून गचका खाणारी गाडी नीट होईपर्यंत ओव्हरटेक करू नका, हे माझं सांगणं आहे.

कारण असं. पाय दाबला की झडप एकदम उघडते. हवा हलकी, ती लगेच धावते. पेट्रोल जड, ते मागे राहतं. तेवढा वेळ भरून काढायला कार्बोरेटरमध्ये एक छोटा पंप असतो, तो पाय दाबताच पिचकारी मारतो. त्यात रबरी पडदा असतो, डायफ्रॅम. तो फाटला, ताठरला किंवा पिचकारीचं तोंड बुजलं की गचका. तपासणी फार सोपी आहे. इंजिन बंद, एअर फिल्टरचं झाकण काढलेलं. कार्बोरेटरच्या तोंडात बघत एका हाताने अ‍ॅक्सिलरेटरची तार ओढा. पेट्रोलची बारीक धार लगेच उडालेली दिसली पाहिजे. उशिरा आली, थेंब थेंब आली, आलीच नाही, तर दोष सापडला. डायफ्रॅम बदलायचं काम मोठं नाही, दुरुस्तीच्या किटमध्ये तो मिळतो.

धार नीट येत असेल तर डिस्ट्रिब्युटरच्या कडेचा चपटा डबा बघा. त्याच्या नळीचं कार्बोरेटरकडचं टोक काढून तोंडाने ओढायचं आणि जीभ लावून धरायचं. ओढ टिकली तर आतला पडदा शाबूत, सुटली तर फाटका. ही परीक्षा मला एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी शिकवली. यंत्राच्या तपासणीपेक्षा ती लवकर होते.

कार्बोरेटरच्या गचक्यावर उपाय काढणारी एक बाई इतिहासात आहे, तिचं नाव आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नाही. बिआट्रिस शिलिंग, इंग्लंडमधली इंजिनिअर. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांच्या लढाऊ विमानांना रोल्स-रॉइसचं मर्लिन इंजिन होतं, कार्बोरेटरवालं. विमानाने एकदम नाक खाली केलं की फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल उसळायचं आणि इंजिन आधी उपाशी, मग गुदमरून गप्प व्हायचं. जर्मन विमानांत पेट्रोल थेट इंजेक्शनने जायचं, त्यांना हा त्रास नव्हता. शिलिंगबाईंनी पितळेची एक छोटी भोकाची चकती बनवली, जिच्यातून इंजिनाला लागेल तेवढंच पेट्रोल जाईल. विमानातून कार्बोरेटर न काढता ती बसवता यायची. १९४१ मध्ये त्या स्वतः नॉर्टन मोटारसायकलवर विमानतळ फिरून त्या चकत्या बसवून आल्या. पुरुषांनी त्या चकतीला बाईंच्या नावाने एक अचकटविचकट टोपणनाव दिलं आणि चकती मात्र बिनबोभाट वापरली.

आता आपल्या मुलखाचा एक खास प्रश्न. शिवनगरला कारखान्याचं धुराडं आपण रोज बघतो. साखर कारखान्यांच्या मळीपासून आणि उसाच्या रसापासून इथेनॉल बनतं आणि ते पेट्रोलमध्ये मिसळतं. २००३ च्या जानेवारीत महाराष्ट्रासह नऊ राज्यांत ५ टक्क्यांनी सुरुवात झाली, २०२२ मध्ये देशात १० टक्के झालं, २०२५ मध्ये २० टक्क्यांवर गेलं. उसाला भाव मिळावा म्हणून ते हवं असं शेतकरी म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. तो ऊस तोडणाऱ्या बाईच्या मजुरीत इथेनॉलने किती भर पडली, हा प्रश्न मी इथे फक्त विचारून ठेवते.

आपल्या जुन्या गाडीवर त्याचा परिणाम असा. इथेनॉलला जळायला कमी हवा लागते, वजनाने नऊपट. म्हणजे मिसळलेलं पेट्रोल त्याच जेटमधून आलं तर ते हवेच्या मानाने कमी पडतं. नव्या गाडीत सेन्सर असतो, तो पेट्रोल वाढवून देतो. कार्बोरेटरला डोकं नाही. जेटचं भोक आहे तेवढंच राहतं. मारुती ८०० आली १९८३ च्या डिसेंबरात, आणि कार्बोरेटरची ८०० साधारण २००० च्या सुमारापर्यंत निघत होती. त्या गाड्यांच्या जेटला हे पेट्रोल माहीतच नाही. म्हणून ज्या गाडीचं मिक्श्चर आधीच काठावर होतं, ती आता थरथरते आणि गचका खाते. शिवाय इथेनॉल जुनं रबर फुगवतं, चिरतं, आणि टाकीतला वर्षानुवर्षांचा चिकटा सोडवून फिल्टरमध्ये आणून टाकतं. त्यात ते पाणी ओढतं. पाणी जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून टाकीच्या तळाशी बसतात, आणि नळी पेट्रोल ओढते ती तळातूनच. थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून तासभर ठेवा. गढूळ दिसलं किंवा खाली वेगळा थर दिसला तर टाकी रिकामी करून साफ करायची.

उपाय आहेत. रबरी नळ्या आणि पंपाचे पडदे बदलताना 'इथेनॉल चालणारे' असं सांगून मागायचे. मिक्श्चरचा स्क्रू थोडा बाहेर ठेवायचा. पावसाळ्यात टाकी अर्धी रिकामी ठेवायची नाही, आणि गाडी महिनोन्‌महिने उभी करायची नाही. पुन्हा बाईच्या वाट्याच्या गाडीचंच दुखणं! नवी रोज फिरते, जुनी उभी असते, आणि उभ्या गाडीतलं पेट्रोल बिघडतं. आठवड्यातून एकदा तरी दहा-पंधरा किलोमीटर काढा. बँकेत जा, माहेरी जा, पण काढा.

गॅरेजात गेल्यावर कसं बोलायचं, हेही सांगते. 'गाडी नीट चालत नाही' असं म्हणायचं नाही. 'गरम झाल्यावर न्यूट्रलला बंद पडते, चोक ओढला की थांबते, तिन्ही प्लग पांढरे आहेत, पंपाची धार ठीक आहे' असं म्हणायचं. समोरच्याचा सूर दुसऱ्या वाक्याला बदलतो. 'साहेबांना पाठवा, त्यांना समजावतो' असं म्हणाला तर गाडी माझी आहे, मलाच समजवा, म्हणायचं. काढलेले जुने भाग परत मागायचे. बिल भाग आणि मजुरी वेगळी लिहून घ्यायचं. सगळे मिस्त्री फसवे नसतात. शिकवायला तयार असलेला एखादा भेटला तर त्याला सोडू नका. आणि आपल्या मुलींना आयटीआयला घालताना शिवणकामाच्या पलीकडे मोटार मेकॅनिकचाही वर्ग असतो, हे अर्ज भरायच्या आधी त्यांना सांगा.

तुमच्याकडून दोन चिठ्ठ्या आल्या आहेत.

एका ताईंनी विचारलंय, चारचाकी नाही, स्कूटर आहे, तिला हे लागू आहे का? आहे. २०२० पूर्वीच्या बहुतेक सगळ्या स्कूटरना कार्बोरेटरच असतो. तत्त्व तेच. आधी एअर फिल्टर, मग प्लग, मग स्लो जेट. तुमच्या गाडीला एकच सिलिंडर, म्हणजे एकच प्लग वाचायचा, काम आणखी सोपं.

दुसरी चिठ्ठी: सकाळी गाडी उत्तम, एप्रिलच्या दुपारी बारामतीला जाऊन थोडं थांबलं की सुरू होत नाही, झाली तर गचके खाते. ताई, इंजिन बंद केल्यावर त्याची धग वर चढते आणि कार्बोरेटरमधलं, नळीतलं पेट्रोल उकळून वाफ होते. इथेनॉलमुळे हे वाढतं. चोक ओढू नका, वाफेने आधीच गुदमरलंय. बॉनेट उघडून दहा मिनिटं थांबा. पेट्रोलच्या पंपावर आणि नळीवर ओलं फडकं ठेवा, पण तापलेल्या सायलेन्सरच्या नळीवर पाणी पडू देऊ नका. मग अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा, पंप करू नका, आणि सेल्फ मारा. वारंवार होत असेल तर पेट्रोलची नळी इंजिनाला टेकलीय का बघा, आणि कार्बोरेटरखालची जाड चकती, जी धग अडवते, ती कुणी दुरुस्तीत काढून टाकलेली नाही ना, ते तपासा. बऱ्याचदा तीच जागेवर नसते.